कोजागरी ते चंपाषष्ठी: चारा, रब्बी पेरणी आणि जनावरे यांची कामे कोणत्या क्रमाने करावीत

खरीप निघाल्यानंतरच्या दोन महिन्यांत, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, शेत आणि गोठा यांची कामे एकमेकांवर येऊन आदळतात. याच काळात होणाऱ्या चुकांची किंमत फेब्रुवारीनंतर चारा विकत घेताना मोजावी लागते. बहुतेक ठिकाणी मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. आधी पेरणी उरकली जाते, मग सवड मिळेल तसा चारा गोळा केला जातो, आणि किती चारा लागणार होता याचा हिशेब टंचाई सुरू झाल्यावर मांडला जातो. हा लेख माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत आणि अहिल्यानगर-सोलापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यातील, विहिरीवर एक-दीड एकर भिजणाऱ्या आणि पाच-सात जनावरे असणाऱ्या शेतकऱ्यांसाठी लिहिला आहे. इतर भागांत पेरणीच्या तारखा आणि वाण बदलतील, कामांचा क्रम बहुतेक हाच राहील.

टप्पा १: पेरणीपूर्वी चाऱ्याचा लेखी हिशेब

हे काम वहीवर करावे, मनात नाही. सुमारे ४०० किलो वजनाच्या मोठ्या जनावराला रोज साधारण ६ किलो वाळलेला आणि १५ किलो हिरवा चारा लागतो असे धरावे. दोन वासरे मिळून एक मोठे जनावर मोजावे. उदाहरणासाठी दोन संकरित गायी, एक म्हैस, एक बैलजोडी आणि दोन वासरे घेतली, तर हिशेबासाठी सहा जनावरे होतात. १५ नोव्हेंबर ते ३० जून हे २२८ दिवस आहेत.

वाळलेला चारा: ६ जनावरे × ६ किलो × २२८ दिवस = सुमारे ८.२ टन. सांडणारा, कुजणारा आणि उंदीर-वाळवीने जाणारा दहावा हिस्सा धरून ९ टन.

हिरवा चारा: ६ जनावरे × १५ किलो × २२८ दिवस = सुमारे २०.५ टन.

आता घरात काय आहे ते मोजावे. येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पाचुंदे (पाच-पाच पेंढ्यांचे जुडगे) किंवा शेकडा मोजून समाधान मानणे. पेंढीचे वजन बांधणाऱ्याच्या हातावर, पिकाच्या उंचीवर आणि ओलीवर अवलंबून असते, त्यामुळे एका गंजीतली पेंढी सव्वा किलोची निघते आणि दुसरीतली अडीच किलोची. गंजीच्या वेगवेगळ्या बाजूंनी दहा पेंढ्या काढून काट्यावर तोलाव्यात, सरासरी काढावी आणि मगच एकूण पेंढ्यांनी गुणावे. बाजरीचे सरमाड (वाळलेली ताटे), मक्याचा कडबा, सोयाबीनचे भुसकट आणि कापलेले गवत यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात.

तूट समोर आल्यावर भिजणाऱ्या जमिनीतील चाऱ्याचा हिस्सा आधी राखून ठेवावा. वरील उदाहरणात १० गुंठे लसूणघास (जूनपर्यंतच्या कापण्यांतून सुमारे ६ ते ७ टन), १० गुंठे ओट (दोन कापण्यांत ४ ते ५ टन) आणि २० गुंठे मका (१० ते ११ टन) असा एक एकर धरला, तर हिरव्या चाऱ्याची गरज जवळपास भागते. उरलेल्या जमिनीतच हरभरा आणि गहू बसवावा. एक एकर चाऱ्याला देणे अनेकांना जड जाते, हे मान्य आहे. पण पाच-सात जनावरे ज्या घरात आहेत, तेथे चारा हेच मुख्य पीक मानले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी: वहीत वाळलेला चारा, हिरवा चारा आणि राखलेले गुंठे, हे तीनही आकडे लिहिलेले असल्याशिवाय बियाणे आणायला जाऊ नये.

टप्पा २: वाळलेला चारा वाळवणे आणि गंजी रचणे

परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे यांमुळे ऑक्टोबरमध्येच नव्हे, तर नोव्हेंबरमध्येही सरी येतात. म्हणून शेतात पसरलेला चारा फार दिवस ठेवता येत नाही, आणि ओला चारा गंजीत घालताही येत नाही. या दोहोंमधील मार्ग म्हणजे पेंढ्या शेंडे वर करून एकमेकींना टेकवून उभ्या कराव्यात. त्या आडव्या पडलेल्या पेंढ्यांपेक्षा लवकर वाळतात आणि हलकी सर आली तरी पाणी निथळून जाते.

चारा वाळला की नाही हे पानांवरून ठरवू नये. पाने दोन उन्हांत कुरकुरीत होतात, कांड्यातील ओल मात्र टिकून राहते. पेंढीच्या मधले धाट काढून पेरापाशी वाकवावे. ते कडकन मोडले आणि पेरावर नख ओढल्यावर ओल लागली नाही, तर चारा गंजीला तयार आहे. धाट पिळले जाते पण तुटत नाही, अशा अवस्थेत आणखी उन्हे द्यावीत. साठवणुकीच्या वेळी ओल १५ टक्क्यांच्या खाली हवी.

गंजीची जागा उंचवट्यावर, विजेच्या तारांपासून आणि चुलीपासून दूर असावी. खाली दगड आणि त्यावर बाभळीच्या फांद्या किंवा जुन्या तुराट्या रचून वीतभर तरी उंच बैठक करावी, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी थेट चाऱ्याला लागत नाही. रचताना मध्यभाग कायम कडेपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे पेंढ्यांचा उतार बाहेरच्या बाजूला राहतो. मध्य खोलगट राहिलेल्या गंजीत पाणी आत शिरते आणि वरून गंजी चांगली दिसत असतानाच आतला चारा काळा पडतो. वरचा ताडपत्रीचा किंवा प्लॅस्टिकचा कागद फक्त माथ्यावर आणि उतारावर टाकावा. गंजी चारही बाजूंनी गुंडाळली, तर आतली वाफ बाहेर पडू शकत नाही.

तपासणी: गंजी रचल्यानंतर चौथ्या आणि दहाव्या दिवशी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पंधरा मिनिटे ठेवावी आणि बाहेर काढून हातात धरावी. सळई कोमट लागली तर दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. हातात धरवत नसेल, तर गंजी आतून तापत आहे. ती दिवसा, पाणी हाताशी ठेवून उघडावी. ओलसर चारा आपोआप पेट घेऊ शकतो.

सोयाबीनच्या भुसकटाबाबत वेगळी सूचना आवश्यक आहे. मळणीयंत्रातून पडलेला ढीग शेतातच राहतो, त्यावर पाऊस येतो आणि नंतर वरचा थर वाळलेला पाहून तो सगळाच गोठ्यात आणला जातो. ढिगात हात घालून पाहावे. कुबट वास, पांढरे जाळे किंवा गाठी आढळल्या तर तो भाग उकिरड्यात टाकावा. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन जनावराच्या यकृताला इजा करते आणि दुधातूनही उतरते. त्यामुळे असा चारा उन्हात वाळवून किंवा दुसऱ्या चाऱ्यात मिसळून वापरणे हा उपाय नव्हे.

बाजरीचे सरमाड, भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा निकृष्ट असेल तर युरिया प्रक्रिया उपयोगी पडते. १०० किलो वाळलेल्या चाऱ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, चाऱ्याचा एक-एक थर पसरत प्रत्येक थरावर झारीने सारखा शिंपडावा, थर पायाने दाबावेत आणि ढीग प्लॅस्टिकने हवाबंद करावा. तो २१ दिवसांनी उघडावा, थंडी अधिक असेल तर चार आठवड्यांनी. खाऊ घालण्यापूर्वी लागणारा चारा तासभर उघड्यावर पसरावा, म्हणजे अमोनियाचा उग्र वास निघून जातो.

सावधान: युरियाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये. युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवू नये, आणि सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये.

टप्पा ३: मुरघास

मुरघास म्हणजे हिरवा चारा कुट्टी करून, दाबून आणि हवाबंद आंबवून टिकवणे. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पेरलेला मका या दिवसांत मुरघासाच्या अवस्थेला येतो. कापणीची वेळ पेरणीच्या तारखेवरून ठरवण्यापेक्षा कणसावरून ठरवावी. कणीस सोलून मधून मोडावे आणि दाणा पाहावा. वरचा निम्मा भाग घट्ट पिठूळ झाला असेल आणि खालच्या निम्म्यात चीक असेल, तर तीच वेळ. त्या वेळी ताटात ६५ ते ७० टक्के पाणी असते. कणीस भरण्याआधी कापलेल्या मक्याचा मुरघास पाणी सोडतो आणि आंबट-घाण होतो. पूर्ण वाळू दिलेला मका नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते.

पुढील क्रम बदलू नये.

१. कापणीच्या आदल्या दिवशी कुट्टीयंत्राची पाती धार लावून घ्यावीत. तुकडा दीड ते दोन सेंटिमीटरचा हवा. लांब तुकड्यांत हवा अडकते.

२. कुट्टीचा मूठभर नमुना अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडावी. बोटांतून पाणी ठिबकले तर कापलेला मका अर्धा दिवस सुकू द्यावा. गोळा टिकला आणि तळहात फक्त ओलसर झाला तर भरायला घ्यावे. गोळा लगेच फुटला तर मका कोरडा आहे, तेव्हा कुट्टी अधिक बारीक करून जास्त दाबावी.

३. वीतभर थर टाकून तो दाबावा आणि मगच पुढचा थर टाकावा. कडा आणि कोपरे पायाने स्वतंत्रपणे दाबावेत, कारण नासधूस नेहमी तेथूनच सुरू होते.

४. पिशवी त्याच दिवशी आणि खड्डा फार तर दुसऱ्या दिवशी बंद करावा. अर्धा भरलेला खड्डा मजूर मिळेपर्यंत चार दिवस उघडा राहिला, तर वरचा थर तापून गेलेला असतो.

५. बंद केल्यावर ४५ दिवस उघडू नये. प्लॅस्टिकला पडलेले भोक दिसताच चिकटपट्टीने बुजवावे.

कल्चर (आंबवणारे जिवाणू) किंवा गूळ घातला की दाबणे थोडे कमी चालते, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. हवा बाहेर काढण्याचे काम दाबच करतो, आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

खड्ड्याचा आकार ही दुसरी मोठी चूक. एक घनमीटर चांगल्या दाबलेल्या मुरघासाचे वजन साधारण ५०० किलो भरते. सहा जनावरांना रोज १० किलोप्रमाणे ६० किलो मुरघास लागतो, म्हणजे घनमीटरचा जेमतेम आठवा भाग. खड्डा दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल, तर त्याच्या उघड्या तोंडावरून रोज फक्त चार सेंटिमीटरचा थर निघतो. हवेच्या संपर्काने मुरघास त्याहून वेगाने नासतो. रोज किमान दहा सेंटिमीटर थर निघाला पाहिजे. लहान गोठ्याला एक मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खड्डा पुरतो, किंवा टनाच्या पिशव्या सोयीच्या पडतात. शेजाऱ्याचा मोठा खड्डा पाहून तेवढाच खणणे हे सहा जनावरांच्या गोठ्याला नुकसानीचे आहे.

तपासणी: उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबूस-गोडसर असावा. तंबाखूसारखा तपकिरी रंग म्हणजे आत उष्णता झाली होती. सडका वास किंवा बुरशी असलेला भाग फेकून द्यावा, विशेषतः गाभण जनावरांच्या पुढे तो मुळीच जाऊ देऊ नये.

खाऊ घालताना दोन-तीन किलोंपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. मुरघास धारेनंतर द्यावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

टप्पा ४: गवत, गायरान आणि रिकाम्या रानातील चराई

डोंगरउतारावरील आणि बांधावरील गवत सर्वत्र एकाच वेळी कापणे योग्य नाही. जेथे कुसळी अधिक आहे, तो भाग सर्वांत आधी, कुसळे बाहेर पडण्यापूर्वीच कापून घ्यावा. कुसळे पक्व झाल्यावर ती जनावराच्या जिभेत, हिरड्यांत आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कातडीत घुसतात. कुसळे झडून जाण्याची वाट पाहिली, तर हाती येणाऱ्या पिवळ्या काडीत पोषण फारसे उरलेले नसते. ही वेळ ज्यांची टळली आहे, त्यांनी ते गवत कुसळे झडल्यावर कापून केवळ पोटभरीचा चारा म्हणून वेगळे रचावे. पवन्या, शेडा आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते असलेला भाग कुसळीनंतर, पण फुलोऱ्याच्या सुमारासच कापावा. उशीर झाला की प्रथिने झपाट्याने घटतात.

विळा जमिनीलगत चालवू नये. चार ते सहा बोटे खुंट ठेवल्यास गवताचा ठोंब जगतो आणि पुढच्या मृगात लवकर फुटतो. क्षेत्राचा साधारण चौथा हिस्सा दरवर्षी आळीपाळीने बी झडेपर्यंत राखावा. कापणी संपताच कुरणाभोवती तीन मीटरचा पट्टा खरवडून साफ करावा, कारण डिसेंबरनंतर वणव्याला एवढेच काय ते अडवते.

आता या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. खरीप ज्वारी कापल्यानंतर जमिनीत ओल असेल तर धसकटांना कोवळे हिरवे फुटवे येतात. रान रिकामे झाले म्हणून जनावरे सोडली जातात आणि ती सर्वांत आधी या फुटव्यांकडे वळतात. कोवळ्या ज्वारीत धुरिन असते. त्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि जनावर काही मिनिटांत कोसळू शकते. यालाच किराळ लागणे म्हणतात. पाण्याच्या ताणावर असलेले, खुरटलेले फुटवे अधिक विषारी असतात, आणि उपाशी जनावर घाईने जास्त खात असल्याने त्याला धोका अधिक असतो.

• फुटवे फुलोऱ्यात येईपर्यंत त्या रानात जनावर सोडू नये, आणि कोवळे कापूनही खाऊ घालू नये.

• शेजारच्या रानातून जनावरे जाणार असतील तर निघण्यापूर्वी त्यांना वाळलेला चारा द्यावा.

• श्वास जोरात चालणे, लाळ गळणे, झोकांड्या आणि डोळ्यांच्या आतील त्वचा लालभडक होणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला ‘ज्वारीचे फुटवे खाल्ले’ एवढे सांगूनच बोलवावे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर वाचते. धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात ताक किंवा गुळाचे पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाण्याची शक्यता असते.

मका आणि बाजरीच्या रानात सोडण्याआधी पडलेली कणसे वेचून घ्यावीत, आणि खळ्याभोवती कुंपण असावे. एकदम पोटभर दाणे खाल्लेल्या गायीच्या पोटात आम्ल वाढून ती बसते आणि पुष्कळदा उठत नाही. कपाशीच्या किंवा तुरीच्या रानात अलीकडे फवारणी झाली आहे का, हे मालकाला विचारल्याशिवाय जनावर आत नेऊ नये.

टप्पा ५: पेरणी, वाफशावर आणि क्रमाने

वाफसा, म्हणजे पेरणीला योग्य इतकीच ओल, पाहण्यासाठी पेरणीच्या खोलीवरील माती मुठीत दाबून गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर थांबावे.

कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस केलेली वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर आहे, म्हणजे कोजागरीच्या सुमारास ती पेरून झालेली असावी. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा फुले माउली आणि भारी जमिनीत फुले वसुधा किंवा मालदांडी असे वाण निवडले जातात. दिवाळीपर्यंत ज्वारी पेरायची राहिली असेल, तर केवळ कडब्यासाठी म्हणून ती पुढे रेटू नये. उशिराच्या पिकावर खोडमाशी अधिक पडते, दाणा आणि कडबा दोन्ही घटतात. पेरलेल्या ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी द्यावी. शेवटची कोळपणी भेगा बुजवते, म्हणून तण नसले तरी ती करावी.

बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरदरम्यान पेरावा. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, त्यानंतर रायझोबियम १० किलोला २५० ग्रॅम लावून सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. गव्हाला १ ते १५ नोव्हेंबर ही वेळ उत्तम. डिसेंबरच्या मध्यापर्यंत उशिराची पेरणी होऊ शकते, मात्र बियाणे हेक्टरी १०० किलोऐवजी १२५ किलो घ्यावे.

चारा पिकांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

लसूणघास: गुंठ्याला २५० ग्रॅम बियाणे, ओळींत ३० सेंटिमीटर अंतर, खोली एक ते दीड सेंटिमीटर. आरएल-८८ हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण या भागात रुळलेला आहे. बी खोल पडले तर उगवतच नाही, आणि बहुतेकांची पहिली पेरणी येथेच फसते. बियाणे घेताना मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून अमरवेलाचे बारीक, मातकट दाणे आहेत का ते पाहावे. अमरवेल एकदा वाफ्यात आला की ते ठिगळ तेवढ्यापुरते मुळासकट कापून जाळण्यावाचून उपाय राहत नाही. पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी आणि त्यानंतर २५ ते ३० दिवसांनी घ्यावी.

ओट: गुंठ्याला एक किलो बियाणे. फुले हरिता किंवा केंट हे वाण चालतात. दहाही गुंठे एकाच दिवशी न पेरता पाच-पाच गुंठे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत, नाहीतर सगळा ओट एकदमच कापायला येतो. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, आठ-दहा सेंटिमीटर खुंट ठेवून करावी आणि लगेच नत्राचा हप्ता देऊन पाणी सोडावे.

मका: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापुढे नेऊ नये, थंडीत उगवण रेंगाळते. आफ्रिकन टॉलचे बियाणे गुंठ्याला ७५० ग्रॅम लागते. उगवणीपासून पोंग्यात (कोवळ्या पानांच्या सुरळीत) लष्करी अळी पाहत राहावे. याच मक्याचा पुढे मुरघास केला, तर वजनात काही घट येते, ती हिशेबात धरावी.

टप्पा ६: जंत, गोचीड आणि लस

लस टोचणारे गावात आले की धावाधाव होते, आणि अशक्त, जंताळलेल्या जनावरालाही तशीच लस दिली जाते. क्रम असा असावा: प्रथम गोचिडांचा बंदोबस्त, जनावराच्या अंगावर आणि गोठ्याच्या भेगांतही, त्याच आठवड्यात शेणाची तपासणी, निघालेल्या जंतांनुसार औषध, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी लस. तळी, ओढे आणि पाझराच्या कडेला चरलेल्या जनावरांत या दिवसांत चपट्या जंतांचा त्रास आढळतो, गळ्याखाली मऊ सूज हे त्याचे ओळखीचे लक्षण. गोल जंतांचे औषध त्यावर चालेलच असे नाही, म्हणून आधी तपासणी करावी. गाभण जनावराचे महिने पशुवैद्यकाला सांगावेत, कारण काही औषधे पहिल्या महिन्यांत देता येत नाहीत. औषधानंतर दूध किती दिवस विकायचे नाही, हे लेबलवर पाहून पाळावे.

लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, चार महिन्यांवरील सर्व जनावरांना हवी. ज्यांची बैलजोडी ऊसतोडीसाठी कारखान्याच्या तळावर जाणार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे ती टोचून घ्यावी. तळावर अनेक जिल्ह्यांचे बैल एकत्र येतात आणि रोग परतीच्या वाटेने गावात पोहोचतो. पौषात खरसुंडीच्या यात्रेतून किंवा कोणत्याही बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे आणि त्याची दावण-बादलीही वेगळी असावी. २०२२ च्या लम्पीच्या साथीने या नियमाचे मोल सर्वांना दाखवले आहे.

तपासणी: लसीची कुपी बर्फाच्या डब्यातून निघाली का, आणि कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकापुढे नोंद झाली का, हे समोर उभे राहून पाहावे. लसीनंतर एक-दोन दिवस दूध कमी होते, ते पूर्ववत होते.

टप्पा ७: थंडीतील गोठा आणि चाऱ्यातील बदल

वासरांखाली रोज कोरडे भुसकट किंवा पाचट हवे, ओल्या जमिनीवरील वासरू अंगावर पोते टाकूनही गारठते. वाऱ्याच्या बाजूला पडदा लावावा, पण छपराखालची हातभर फट उघडी ठेवावी. सर्व बाजूंनी बंद केलेल्या आणि शेकोटीच्या धुराने भरलेल्या गोठ्यात वासरांना खोकला आणि न्यूमोनिया अधिक होतो. जनावरे दुपारी धुवावीत. थंडीत गाय गार पाणी कमी पिते आणि दूध उतरते, म्हणून हौदातील रात्रीचे पाणी काढून विहिरीचे ताजे पाणी द्यावे.

लसूणघासाची पहिली कापणी सुरू झाली की पोटफुगी होते. घास आदल्या दुपारी कापून सुकू द्यावा, दवाने ओला देऊ नये, आणि आधी वाळलेला चारा घालून मग घास द्यावा. डावी कूस फुगलेली दिसली तर जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करून पशुवैद्यकाला बोलवावे.

कारखाने सुरू झाल्यावर उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा भाग) स्वस्त मिळतात आणि हिरव्या चाऱ्याची सगळी मदार त्यांच्यावर टाकली जाते. वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. दुभत्या आणि गाभण जनावरांना हिरव्या चाऱ्याच्या निम्म्याहून अधिक वाढे देऊ नयेत. ती कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावीत, आणि सोबत रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये.

म्हशी याच काळात माजावर येतात, मात्र त्यांचा माज बहुधा मुका असतो. पहाटे धारेपूर्वी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), वारंवार लघवी आणि दूध चोरणे यांकडे पाहावे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे.

टप्पा ८: चंपाषष्ठीच्या सुमारास फेरमोजणी

डिसेंबरच्या मध्यात वही पुन्हा उघडून गंज्या तोलाव्यात, मुरघासाच्या पिशव्या मोजाव्यात आणि पहिल्या महिन्यात प्रत्यक्ष रोज किती चारा गेला ते लिहावे. हा खर्च हिशेबापेक्षा अधिक निघाल्यास बहुधा कुट्टी न करता अख्ख्या पेंढ्या टाकल्या जात असतात. त्यातली बरीच धाटे पायाखाली जातात.

तूट उरली असेल तर ती दोन भागांत मोजावी: फेब्रुवारीअखेर नवा कडबा निघेपर्यंतची आणि त्यानंतरची. पहिल्या भागासाठी शिल्लक सरमाड किंवा भुसकट आताच तोलून घ्यावे. दुसऱ्या भागासाठी ज्वारीवाल्या शेजाऱ्याशी काढणीच्या वेळच्या दराने, पेंढीवर नव्हे तर वजनावर, आताच बोलून ठेवावे. आणि दोन्ही मिळूनही भागत नसेल, तर भाकड किंवा कामाचे न उरलेले जनावर, ते अंगाने भरलेले आहे तोवर, डिसेंबर-जानेवारीच्या बाजारात विकण्याचा निर्णय घ्यावा.